आवाज अर्धा झाल्यावर कविता कशी म्हणायची?

घरोट | ४ जून, रात्री १०:४०

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण शुद्धीवर आल्यावर नर्सने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून नुसती हवा आली. डावी व्होकल कॉर्ड हलत नाही, असं दुर्बिणीतून दिसलं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं, त्यामुळे माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मला पडलाय तो प्रश्न कवितेचा आहे, म्हणून इथे आले.

पस्तीस वर्षं मी कविता म्हणत आले. वही आहे, एक छोटं पुस्तकही निघालंय, पण ज्यांना माझी कविता माहीत आहे त्यांनी ती ऐकलेली आहे, वाचलेली नाही. वाचनालयांचे वर्धापनदिन, गणपतीतले कार्यक्रम, बचत गटांचे मेळावे, एकदा तर बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून. हातात कागद कधी घेतला नाही. कागदावर नजर गेली की समोरचा माणूस सुटतो.

हे कुठून आलं ते सांगते. आमचं गाव यावल तालुक्यातलं. आजी पहाटे घरोटावर बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायचे. जात्याची घरघर मला ऐकू येण्याआधी गालाला जाणवायची. आजी दोन ओळी म्हणायची, मुठीने दाणे टाकायची, पुन्हा दोन ओळी. तिला अक्षर ओळख नव्हती. १९७४ साली गावात पिठाची गिरणी आली, मी सात वर्षांची होते. पायलीचं दळण अर्ध्या तासात घरी यायला लागलं आणि आजीचं गाणं थांबलं. कोणी थांबवलं नाही. बसायचं कारणच उरलं नाही. मी हट्ट करायचे, "म्हण ना." ती म्हणायची, "अशी बसल्या बसल्या नाही येत गं."

पुढे कॉलेजात पाडगावकरांना मंचावरून कविता वाचताना ऐकलं आणि वेड लागलं. एक माणूस, ना पेटी ना तबला, आणि भरलेलं सभागृह श्वास धरून बसलेलं. तेव्हापासून मी लांब ओळींच्या मुक्तछंदात बांधत आले, कारण दम होता. कापूस वेचणाऱ्या बायांवरची माझी कविता अशी सुरू होते :

उन्हाच्या आधी शेतात शिरलेल्या बायांच्या कमरेला बांधलेल्या ओटीत दिवस हळूहळू पांढरा होत जातो

ही ओळ मी एका दमात म्हणायचे. शेवटच्या 'जातो'ला दम संपत आलेला असायचा आणि तो संपत आलेला दम हीच त्या ओळीची गंमत होती. आता 'शिरलेल्या'पाशीच हवा संपते. मध्येच श्वास घेतला की ओळ मरते.

ऑक्टोबरात आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने कार्यक्रम ठेवलाय. "ताई, जमेल तेवढं म्हणा," म्हणतात. नाही म्हणावं का? आवाजावरच उभी असलेली कविता आवाज गेल्यावर कुठे राहते, हे तुमच्यापैकी कोणी अनुभवलंय का?

चांदणवेल | ४ जून, रात्री ११:१५

ताई, वाचून घशाशी आलं. एक भाबडा प्रश्न : चांगला माइक जवळ धरला तर नाही का भागणार?

घरोट | ५ जून, सकाळी ७:०२

माइकने आवाज मोठा होतो, श्वास लांबत नाही. माइक जवळ घेतला की उलट धाप जास्त ऐकू येते. दोनदा करून पाहिलं.

खर्ज | ५ जून, दुपारी १:३०

मी स्पीच थेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय सल्ला देणार नाही, पण काय होतंय ते सांगते.

बोलताना दोन्ही व्होकल कॉर्ड मधोमध येऊन भिडतात आणि खालून येणारी हवा त्यांना थरथरवते. एक भिडत नसेल तर फट राहते आणि निम्मी हवा आवाज न होताच निसटते. म्हणजे तुमची फुप्फुसं तीच आहेत, दमही तोच आहे, तो गळतोय. आम्ही एक साधी चाचणी करतो : खोल श्वास घेऊन 'आऽऽ' किती सेकंद टिकतो. निरोगी बाईचा साधारण पंधरा-वीस सेकंद टिकतो, अशा त्रासात तो पाच-सहावर येतो.

कॉर्ड हलवणारा मज्जातंतू नुसता दुखावला असेल तर बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभरात सुधारतो. तुमचं वर्ष उलटून गेलंय, त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांना पुन्हा दाखवा. न हलणारी कॉर्ड इंजेक्शनने भरून मध्याकडे आणता येते, छोटी शस्त्रक्रियाही असते. चालू असतील तर व्यायाम सोडू नका. आणि जोर लावून कुजबुजू नका, त्याने गळ्याच्या बाकीच्या स्नायूंवर ताण येतो.

आता रुग्णांकडून शिकलेली एक गोष्ट. एक शिक्षिका होत्या. आवाज पूर्ण परत आला नाही, पण त्यांनी वाक्यं लहान केली. वर्ग पूर्वीपेक्षा शांत बसायला लागला, असं त्या स्वतः सांगायच्या.

तापीकाठ | ५ जून, रात्री ९:५०

'घरोट' हे नाव पाहूनच आत आलो. जात्याला घरोट म्हणणारं माणूस म्हणजे आमच्या खानदेशाकडचंच.

ताई, तुम्ही बहिणाबाईंच्या माहेरापासून, असोद्यापासून, काही फार लांब नाही. त्यांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, कदाचित ते सगळेच घेतात म्हणून. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं, म्हणून मी घेतो.

१८८० चा जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घरात लग्न, तिशीत वैधव्य. अक्षर ओळख नाही. शेतात, चुलीपाशी, घरोटावर जे सुचलं ते म्हटलं. त्यातलं जेवढं मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी टिपलं तेवढं उरलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि त्यांनी स्वतः शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. छापखाना पाहून त्यांनी म्हटलेली ओळ मला कुठल्याही साहित्यचर्चेपेक्षा मोठी वाटते : 'अरे होतो छापीसनी कोरा कागद शहाना'.

आता मुद्द्याचं. त्यांच्या ओळी बोटांवर मोजा.

अ-रे-सं-सा-र-सं-सा-र. आठ.
ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र. आठ.
म-न-व-ढा-य-व-ढा-य. आठ.

वर दिलेली छापखान्याची ओळही आठ आणि आठ. आठ अक्षरं झाली की थांबायला जागा. हा छंद कोणी पुस्तकात बघून आखलेला नाही. हाताने जड दगड फिरवत असताना माणसाला एका दमात जेवढं म्हणता येतं तेवढं ते माप आहे. तुमच्या आजीलाही तेवढंच म्हणता येत असणार, मूठभर दाणे टाकायच्या आधी.

तुमची ती ओळ मोजली. चाळीस अक्षरं. म्हणजे अशा पाच ओळींचा ऐवज एका श्वासात! तो धडधाकट छातीचा माज होता असं मी म्हणणार नाही, ती कविता सुंदरच आहे. पण तुमच्या आवाजाने आता जे माप धरलंय ते घरचंच आहे, एवढं सांगावंसं वाटलं.

रानजाई | ६ जून, सकाळी ६:२०

तापीकाठ यांच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन.

माझं माहेर मुळशीतलं. आईला ओव्या यायच्या हे आम्हाला ठाऊक होतं, पण फोनवर रेकॉर्ड करायला बसलो तर तिला दोन-तीनच्या पुढे आठवेनात. ती ओशाळली, आम्हीही. मग मामांकडे पडवीत पडलेलं जुनं जातं धुऊन मांडलं, तिच्या हातात खुंटा दिला, आणि दाणे नसतानाही ती फिरवायला लागली. पाऊण तास थांबली नाही. मध्येच रडली, रडत रडत म्हणत राहिली. खुंट्यावरचा हात काढला की पुढची ओवी येईना.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी मुळशी-मावळपासून सुरुवात करून महाराष्ट्रभर हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. ऐकाच, नुसत्या वाचू नका. ओळीच्या मध्ये येणारे 'बाई', 'गं', 'सये' हे शब्द कागदावर भरतीचे वाटतात. ऐकताना कळतं की तिथे बाई श्वास घेतेय, आणि शेजारच्या जात्यावरची बाई तोपर्यंत सूर धरून ठेवतेय.

घरोटताई, तुम्ही "मध्येच श्वास घेतला की ओळ मरते" म्हणालात. तो श्वास लपवला तर मरत असेल. त्याला शब्द दिला तर?

भोंगा | ६ जून, रात्री ११:०५

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. आमच्या वडिलांची गायनपार्टी होती. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर घरात झोप नसायची, पेटी, ढोलकी आणि चहा. त्यांचा देव म्हणजे लोकशाहीर वामनदादा कर्डक.

वामनदादा १९२२ चे, सिन्नरजवळच्या देशवंडीचे. मुंबईत पोटासाठी पडेल ते काम केलं. तरुण वयापर्यंत वाचता येत नव्हतं. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं आणि २००४ मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. पिशवी खांद्याला, आज या गावात, उद्या त्या गावात. पोस्टर नाही, मानधनाची खात्री नाही. हजारो गाणी, आणि बरीचशी त्यांनी गायली आणि दुसऱ्यांनी उचलली.

उचलली हा शब्द मी अभिमानाने वापरतो. वडिलांचा आवाज दादांसारखा नव्हता. दादांची जी ओळ उंच जायची ती वडील खाली घ्यायचे. कडवं मागेपुढे व्हायचं. पण शेवटच्या ओळीत 'वामन' आलं की सगळी चाळ टाळ्या वाजवायची. नाव ओळीतच विणलेलं असतं, ते काढलं तर यमकच तुटतं. 'तुका म्हणे', 'जनी म्हणे' यातही हीच सोय आहे. ज्याला ठाऊक असतं की आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून जगणार आहे, तो नाव आत ठेवून देतो.

म्हणून विचारतो, राग मानू नका. पस्तीस वर्षांत तुमची कविता दुसऱ्या कोणी म्हटली का? तुम्ही म्हणू दिलीत का?

घरोट | ७ जून, सकाळी ८:१५

राग नाही, पण रात्रभर झोप आली नाही एवढं खरं.

नाही. कोणीच म्हटली नाही. दोन-तीन मुलींनी स्पर्धेसाठी विचारलं होतं. मी म्हणाले, तुम्ही तुमची लिहा. मला वाटायचं मी त्यांना स्वतःच्या पायावर उभं करतेय. आज वाटतं, त्यांना माझ्या ओळी तोंडात घोळवून बघायच्या होत्या आणि मी दार लावलं.

सरोवर | ७ जून, संध्याकाळी ६:४४

मी शिकागोत राहते आणि भोंगा यांच्याशी थोडी असहमत आहे.

इथे ग्रीन मिल नावाचा जुना जॅझ क्लब आहे. मार्क स्मिथ या बांधकाम मजुरी केलेल्या कवीने १९८६ मध्ये तिथे पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर कविता म्हणायची स्पर्धा, सुरू केलं. स्लॅमचे नेहमीचे नियम असे : श्रोत्यांमधूनच पाच परीक्षक, शून्य ते दहा गुण, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा वगळायचा. तीन मिनिटं. वाद्य नाही, वेशभूषा नाही. आणि कविता स्वतःचीच हवी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला आपल्या कलगी-तुऱ्याची आठवण झाली. तिथेही दोन फड समोरासमोर, लोकांसमोर सवाल-जवाब, रात्रभर.

पण तो 'स्वतःचीच' हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. बलात्कारातून वाचलेली बाई, तुरुंगातून सुटलेला मुलगा, चार नोकऱ्या करणारी आई उभी राहते तेव्हा तिचं शरीर हीच साक्ष असते. तेच शब्द दुसऱ्याने म्हटले तर ती नक्कल होते. मी तिथे तोतरं बोलणाऱ्या कवीला ऐकलंय. तो जिथे अडकायचा तिथे सगळा क्लब त्याच्याबरोबर अडकायचा, आणि शब्द सुटला की सगळे सुटायचे. कोणाही सुरेल माणसाला ती कविता देऊन टाकली असती तर काय उरलं असतं?

ताई, तुमचा फाटलेला आवाज घेऊनच उभ्या राहा. फक्त तीन मिनिटं.

भोंगा | ७ जून, रात्री ११:३०

सरोवर, तुमचं पटतं. साक्ष साक्षीदारानेच द्यावी. पण कापूस वेचणाऱ्या बायांची कविता ही ताईंची साक्ष आहे की त्या बायांची? त्या बायांची असेल तर त्यांना म्हणता येईल अशी हवी.

मांडवी | ८ जून, सकाळी १०:१०

पणजीहून. आमच्या शिक्षिका बाकीबाब बोरकरांच्या कविता वर्गात गाऊन शिकवायच्या, कारण त्यांनी स्वतः बाकीबाबना गाताना ऐकलं होतं. बाईंचा आवाज यथातथाच होता. आज पन्नाशीत मला त्या कविता बाईंच्याच आवाजात आठवतात. एवढंच सांगायचं होतं.

खर्ज | ८ जून, दुपारी २:००

ताई, एक प्रयोग सुचवते. ओळ म्हणायच्या आधी शांतपणे श्वास घ्या, जोर न लावता म्हणा आणि हवा संपते तिथे उभी रेघ ओढा. तीन दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ. रेघ कुठे कुठे पडते ते लिहून ठेवा.

घरोट | २९ जून, रात्री ९:२०

उशिरा येतेय, क्षमा करा. मधल्या काळात तज्ज्ञांना दाखवून आले. पावसाळा सरल्यावर इंजेक्शनचं बघू म्हणाले. फरक पडेल, पण पूर्वीचा आवाज येईलच असं नाही.

खर्ज यांचा प्रयोग केला. रेघा सकाळी नवव्या-दहाव्या अक्षरावर पडायच्या, संध्याकाळी थकल्यावर सातव्या-आठव्यावर. तापीकाठ, तुमचा प्रतिसाद मी त्या दिवशी नुसता वाचला होता. रेघा पाहिल्यावर वही मिटून बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आजीच्या मांडीवरचा तो थांबा, दाणे पडेपर्यंतचा, माझ्या गालाला आठवला.

मग कापसाची कविता मोडली. तोडून तुकडे केले नाहीत, पहिल्यापासून म्हणायला बसले. कागद न घेता, स्वयंपाक करता करता. चार दिवसांनी एवढं आलं :

उन्हाआधी शेतामधी
बाया शिरल्या वाकून
ओटी भरता भरता
झाला दिवस पांढरा

जुन्या ओळीत बाया वाकलेल्या नव्हत्या, हे मला आत्ता दिसलं. चाळीस अक्षरांत त्यांची कंबर होती, ओटी होती, पण त्या वाकल्या कुठेच नव्हत्या. मी ताठ उभी राहून म्हणायचे ना.

सगळ्या कविता अशा होणार नाहीत. वडिलांवरची एक आहे, ते गेले त्या रात्रीची. तिला लांब श्वास लागतोच, कारण ती त्यांच्या धापेवर बांधलेली आहे. आठ अक्षरांत घालून पाहिली तर पाळण्याचं गाणं झालं. ती माझ्या भाचीला दिली. अकरावीत आहे, पोहते, दम आहे. सरोवर, तुमचं म्हणणं मनात होतं, साक्ष तर माझीच आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं : ती कविता म्हणेल तेव्हा मी शेजारी बसेन. पहिल्यांदा म्हटली तेव्हा मी जिथे कधीच थांबले नव्हते तिथे ती थांबली, 'दिवा' या शब्दानंतर. मी चुकीचं आहे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

वाचनालयाला होकार कळवलाय. रानजाई, 'बाई गं' मी दोन ठिकाणी घातलंय, श्वासासाठीच. समोरच्यांनी त्या वेळी सूर धरला तर बरं, नाही धरला तरी मला दोन क्षण मिळतात.

एक अडतंय. दुसरं कडवं असं आहे :

खाली पडल्या बोंडात
थोडं आभाळ उरलं

इथे 'आभाळ'वर दर वेळी आवाज फाटतो. 'आकाश' करून पाहिलं, कोरडं वाटतं. कोणाला काही सुचतंय?

तापीकाठ | २९ जून, रात्री १०:०५

घरचं म्हणा ना ताई. 'आभाय'. आपल्याकडे ळ चा य होतो, बहिणाबाईंची भाकरही 'मियते', 'मिळते' नाही. ळ ला जीभ उलटी वळून टाळूला लागते आणि हवेची वाट मधोमध अडते. य ला जीभ कुठे टेकत नाही, आवाज तसाच पुढे सरकतो.

खर्ज | २९ जून, रात्री १०:२२

गळ्याच्या दृष्टीनेही करून बघण्यासारखं आहे. 'भा' ला धक्का देऊ नका, फक्त सोडा.

घरोट | ३० जून, सकाळी ६:४०

पहाटे अंगणात म्हणून पाहिलं. थोडं आभाय उरलं. वीस वेळा म्हटलं, एकदाही फाटला नाही. शाळेत गुरुजींनी हा य माझ्या तोंडातून छडीने काढला होता, त्यामुळे पहिल्या दोन-तीनदा जीभ बिचकली. भाची उठून दारात आली आणि म्हणाली, "आत्या, हे कोणाच्या आवाजात म्हणतेयस?"

ऑक्टोबरात असंच म्हणणार आहे.